तेरणेकाठाहून सोलापूरपर्यंत : एका पडद्यासाठी केलेला प्रवास

आमचे गाव तेरणेच्या काठचे, तेरच्या अलीकडे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात गेले आणि नदीकडचा बांधही वाहून गेला. अशा सालात लॅपटॉपची गोष्ट कोण काढील? पण ती निघाली. धाकटी लेक धाराशिवला स्थापत्याच्या पदविकेला आहे. घराचे, पुलाचे नकाशे ती मोबाइलवर बोटांनी ताणून ताणून पाहायची. डोळे चुरचुरतात, डोके दुखते, असे सुरू झाले तेव्हा आमच्या मंडळींनी मला न विचारताच तीन बोकडे बाजाराला काढली.

ही आपली उस्मानाबादी जात. काळीभोर, काटक, दुष्काळात झाडपाल्यावर तगणारी आणि बहुतेक वेळा जुळे देणारी. जिल्ह्याचे नाव २०२३ साली धाराशिव झाले, शेळीचे मात्र जुनेच राहिले. तीन बोकडांचे २८,००० रुपये आले. ते रुमालात बांधून माझ्या हाती देताना मंडळी एवढेच म्हणाल्या, "पडदा मोठा बघून घ्या. लेकरानं डोळे घालवू नयेत."

सकाळच्या एसटीने निघालो. मार्च २०२३ पासून बायका-मुलींना अर्धे भाडे आहे, त्यामुळे लेकीचे तिकीट निम्म्यात झाले. वाटेत गोरोबाकाकांच्या तेरकडे हात जोडले. हेच तेर दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावाने रोमच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. इथला माल गाडीवाटेने भडोचला जाई आणि तिथून जहाजात चढे. तेव्हा दूरदेशीचे लोक आपल्या मालासाठी वाट पाहत. आज आम्ही बापलेक परदेशी यंत्रासाठी पिशवी घेऊन निघालो होतो.

लेक हुशार. तिने निघण्यापूर्वी शासनाच्या महाभूनकाशावरून आमच्या गावचा नकाशा उतरवून पेनड्राइव्हमध्ये घेतला होता. म्हणाली, "आण्णा, दुकानदार काय म्हणतो ते नको. ह्या नकाशातले गट नंबर न ताणता वाचता आले, तर पडदा चांगला."

धाराशिवच्या दुकानात नवा कोरा लॅपटॉप २६,५०० ला दाखवला. पडदा १५.६ इंच, म्हणजे कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंत साधारण ३९.६ सेंटिमीटर. मला तर तो पसंत पडला होता. पण नकाशा उघडला आणि गट नंबरांच्या जागी नुसत्या मुंग्या. लेकीने डिस्प्लेची सेटिंग उघडून आकडा दाखवला : १३६६ बाय ७६८.

वाचकहो, इथेच माझे डोळे उघडले, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. पडद्यावरचे चित्र बारीक ठिपक्यांचे असते. १३६६ ओळी उभ्या आणि ७६८ आडव्या, म्हणजे सारे मिळून साधारण साडेदहा लाख ठिपके. दुसऱ्या जातीचा पडदा १९२० बाय १०८० चा, त्यात २० लाखांहून अधिक. वावर तेवढेच, रोपे दुप्पट! इंच म्हणजे वावराचा आकार आणि हा दुसरा आकडा म्हणजे त्यातली लागण. वावर मोठे आणि लागण विरळ असली की अक्षर मोठे दिसते, पण फाटके दिसते. नकाशाच्या बारीक रेघा तर एकमेकींत मिसळूनच जातात. दुकानदार इंच आपणहून सांगतो, हा आकडा विचारावा लागतो.

दाट ठिपक्यांचा नवा लॅपटॉप त्यांच्याकडे होता, पण ४१,००० ला. दुकानदार भला माणूस. तोच म्हणाला, "काका, सोलापूरला जा. कंपन्यांच्या ऑफिसात तीन-चार वर्षं वापरून परत आलेली मशिनं तिथं मिळतील."

तुळजापूर मागे टाकून गाडी घाट उतरली आणि दुपारी सोलापूर आले. जुन्या यंत्रांच्या दुकानात थिंकपॅड, लॅटिट्यूड, प्रोबुक अशी ऑफिसांसाठी बनवलेली मशिनं रचून ठेवली होती. बांधणी दणकट, पण नावावर जाऊ नये. पहिल्याच मशिनचा आकडा पुन्हा ७६८ निघाला. दुसऱ्याचा पडदा सुरेख, किंमतही १६,०००. पण त्यात इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज १० ची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. स्वस्त मशिनं बाजारात एवढी का आली, त्याचे एक कारण हेही असावे.

तिसरे जमले. १५.६ इंच, १९२० बाय १०८०, आठवी पिढी, ८ जीबी रॅम, डिस्कच्या जागी एसएसडी. नकाशा उघडला आणि मीसुद्धा चष्मा लावून आमचा गट नंबर वाचला. लेकीने पडदा बाजूने, खालून, वरून पाहिला. हलक्या पडद्यावर बाजूने पाहिले की चित्र काळवंडते, यावर तसे झाले नाही. मग पांढरे पान उघडून डाग शोधले. बॅटरी दोन तास टिकेल, असे दुकानदाराने आधीच सांगितले. २४,००० वरून २२,५०० ला सौदा ठरला, पक्के बिल आणि सहा महिन्यांची हमी लिहून घेतली.

उरलेल्या पैशांत २२ इंची जुना मॉनिटर ५,००० ला देतो म्हणाला. तारेने लॅपटॉपला जोडायचा, म्हणजे घरबसल्या मोठा पडदा. माझे मन फार झाले. खरे सांगायचे तर कमी पैशात मोठा पडदा हवा असेल आणि यंत्र एकाच जागी ठेवायचे असेल, तर हीच वाट सर्वांत सोयीची. पण लेक नको म्हणाली. गावात वीज गेली की मॉनिटर बंद, आणि तो खोलीवर न्यायचा-आणायचा कसा? जोडायची जागा मशिनला आहे, पुढे घेता येईल. पैसे आईला परत न्यायचे, हा तिच्या मनातला खरा हिशेब मी ओळखला.

परतताना तुळजापूरला उतरलो. गर्दीच्या रेट्यात पडदा दबेल, म्हणून आळीपाळीने दर्शन घेतले. एकजण आत, एकजण पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन.

रात्री घरी मशीन उघडले. मंडळींनी हात पदराला पुसले आणि पुढे सरकल्या. लेकीने गावचा नकाशा लावला. थोडा वेळ त्या नुसत्या पाहत राहिल्या. मग गट नंबर वाचून त्यांनी आमच्या वावराच्या नदीकडच्या रेघेवर बोट ठेवले.

"बांध हितनं होता," त्या म्हणाल्या. "उद्या दोरी घेऊन चला, मोजून बघू."