नगरकडे परतणारी माणसं

सेलम, मॅसॅच्युसेट्स

ती. नाना,


६ फेब्रुवारी १८१२ रोजी या गावच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत पोचले आणि आपल्या नगरला ज्याच्या शाळा, चर्च, दवाखाने उभे राहिले त्या अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. मिशनऱ्यांच्या चरित्रांत या पहिल्या निघण्याचंच वर्णन फार असतं. मला मात्र त्याहून अवघड वाटतं ते रजेवर मायदेशी येऊन पुन्हा त्याच कामावर जाणं. पहिल्या पिढीपुढे हा प्रश्न सहसा उभाच राहिला नाही. केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-पाच महिने जहाजात काढायचे. तिकडे गेलेला माणूस बहुधा तिकडचाच व्हायचा. त्याच पाचांतल्या सॅम्युएल न्यूवेल यांची पत्नी हॅरिएट एकोणिसाव्या वर्षी मॉरिशसला वारली, त्याआधी तिचं तान्हं मूल जहाजावरच दगावलं होतं. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या फिरतीवर पटकीनं गेले, तेव्हा पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेला गेलेली होती. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, प्रवास काही आठवड्यांवर आला आणि ठरावीक वर्षांनी मिळणारी मायदेशीची रजा, म्हणजे फर्लो, रुळली. तेव्हापासून या कुटुंबांचं मन दोन ठिकाणी विभागलं गेलं.

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स

ती. नाना,

या मिशनऱ्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाची जुनी दप्तरं इथल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात जतन केलेली आहेत, म्हणून मागचा मुद्दा इथूनच पुढे नेतो. आपण गृहीत धरतो की परतणाऱ्याला ऊन, पाणी, भाषा, माणसं पुन्हा अंगवळणी पाडून घ्यावी लागतात. पण नगरचे मिशनरी रॉबर्ट अ‍ॅलन ह्यूम यांचं आयुष्य पाहिलं तर उलटं दिसतं. त्यांचा जन्म १८४७ साली मुंबईचा. १८५४ मध्ये मिशनरी वडील मायदेशी येताना समुद्रातच वारले. आईनं मुलांना अमेरिकेत वाढवलं. येल आणि अँडोव्हरला शिकून रॉबर्ट १८७४ मध्ये नगरला आले आणि १८७८ मध्ये त्यांनी तिथे धर्मशिक्षणाची सेमिनरी काढली. १८८६ मध्ये रजेवर असताना अँडोव्हरला ते बोलले, त्यातून एक वाद पेटला. ज्यांच्या कानी ख्रिस्ताचं नाव कधी पडलंच नाही, त्यांना मृत्यूनंतर तरी संधी असेल की नाही, हा प्रश्न होता, आणि संधी असावी असं मानणाऱ्यांकडे ह्यूम यांचा कल होता. नगरच्या पंचक्रोशीत, शेजाऱ्यांच्या पूर्वजांविषयी रोज विचार करावा लागणाऱ्या माणसाला असं वाटणं मला अगदी साहजिक वाटतं. बोर्डाच्या समितीला ते पटलं नाही आणि त्यांना परत पाठवण्याबद्दलच तिनं हात आखडता घेतला. १८८७ मध्ये अखेर परवानगी मिळाली. म्हणजे परतीच्या वाटेवरचा सर्वांत मोठा अडसर बॉस्टनमध्ये, बोर्डाकडेच होता. परमुलखाशी त्यांचं जुळलं होतं. तुटत चाललं होतं ते पाठवणाऱ्या घराशी. त्याच वर्षी त्यांनी नगरकडच्याच वडाळ्याचे मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांची कन्या केटी हिच्याशी विवाह केला. मिशनऱ्यांच्या मुलांनी मिशनऱ्यांच्याच मुलींशी लग्नं करावीत, हे मला त्या तुटण्याचंच लक्षण वाटतं. ज्याला दोन्हीकडचं अर्धं अर्धं ठाऊक आहे, त्याला समजून घेणारं माणूस त्याच्यासारखंच असणार.

यावर तुम्ही म्हणाल, यात सोसलं काय? प्रशस्त बंगला, हाताखाली नोकर, उन्हाळ्यात महाबळेश्वर. आक्षेप खरा आहे आणि तो मी खोडत नाही. बंगल्याच्या आवारानं शरीराला ऊब दिली, शेजाऱ्यांपासून अंतरही राखलं. पण आवार जे वाचवू शकलं नाही ते म्हणजे कुटुंबाचं एकत्र असणं. शिक्षणासाठी मुलं अमेरिकेत ठेवायची आणि आईबापांनी पुन्हा जहाज धरायचं, ही त्या काळची रीत होती. कामाची निष्ठा थोरांची. किंमत मुलांच्या नावावर. हा निर्णय मुलांना विचारून कुणी घेतला नाही, आणि त्याबद्दल मिशनच्या गौरवग्रंथांनी जास्त बोलायला हवं होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्यांनी तिकडे धर्म बदलला त्यांच्या उन्मळण्यापुढे हे काय? कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. जात, माहेर, सासर सगळंच परकं होत गेलं. ह्यूम यांच्या पाठीशी बोर्डाचा पगार होता, परतीचं तिकीट होतं, वाद झाला तरी बाजू मांडायला सभा होती. टिळक पतिपत्नींना फर्लो नव्हती, कारण परतायला घरच उरलं नव्हतं. म्हणून मिशनरी कुटुंबाच्या परतीचा अभ्यास करताना त्याच आवारातल्या मराठी कुटुंबाचा हिशेब शेजारी मांडलाच पाहिजे. एकाचं दुःख दुसऱ्यानं खोटं ठरत नाही, पण कुणाला आधार होता आणि कुणाला नव्हता ते स्वच्छ दिसतं.

पुढच्या पिढीनं दोन घरांच्या या कोड्याची उत्तरं निरनिराळी काढली. रॉबर्ट यांचे चिरंजीव रॉबर्ट अर्नेस्ट न्यूयॉर्कला प्राध्यापक झाले आणि १९२१ मध्ये तेरा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर त्यांनी प्रसिद्ध केलं. पुतणे एडवर्ड हिक्स ह्यूम, जन्म नगरचाच, डॉक्टर होऊन चीनमध्ये चांगशाला गेले. त्यांच्याविषयीचे कागद पाहून झाले की पुढचं पत्र लिहीन.