सोळा शब्दांचा हिरा

कविता शिकविता येत नाही, असे आम्ही महाविद्यालयाच्या वर्गात वर्षानुवर्षे मोठ्या ऐटीने सांगत आलो. पन्नाशी उलटल्यावर मते घट्ट होतात म्हणतात. आमचे हे मत तर पंचविशीतच घट्ट झाले होते. ते सैल केले सांगलीजवळच्या एका प्राथमिक शाळेतील चौथीच्या वर्गाने.

गोष्ट २०२२ सालच्या हिवाळ्यातली. आमची एक जुनी विद्यार्थिनी तेथे शिक्षिका होती. "सर, मुलांकडून हिऱ्याच्या आकाराची कविता करून घेते आहे, एकदा येऊन पाहाच," असा तिचा आग्रह पडला. हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. आयरिस टीड्ट या अध्यापिकेने १९६९ साली तो 'डायमांटे' या नावाने मांडला. ओळी सात. पहिलीत एक नाम, दुसरीत दोन विशेषणे, तिसरीत तीन क्रियादर्शक शब्द, चौथीत चार नामे; मग त्याच पायऱ्या उतरून सातवीत पहिल्याच्या उलट अर्थाचे एक नाम. चौथ्या ओळीतली पहिली दोन नामे वरच्या विषयाची, पुढली दोन खालच्या. सगळे मिळून शब्द सोळा!

आम्ही मनात हसलो. बंधनाचे आम्हांला वावडे नाही. मोरोपंतांनी ओष्ठ्य वर्ण टाळून निरोष्ठ रामायण रचले, केशवसुतांनी १८९२ साली चौदा ओळींचे सुनीत मराठीत आणले, हे आम्हीच शिकवितो. परंतु दहा वर्षांच्या पोरांना या कुंपणात कशाला कोंडावे?

बाईंनी फळ्यावर उभी रेघ मारली. एका बाजूस 'रात्र', दुसरीस 'दिवस' लिहिले. मुलांनी सांगितलेला प्रत्येक शब्द, बरा असो वा वाईट, त्या त्या बाजूस मांडला. मग निवड, मग कच्चा खर्डा, मग खोडाखोड. एक मौज आमच्या ध्यानी आली. रात्र 'निजवणारी' आणि दिवस 'उठवणारा'. म्हणजे वळण आले की मराठीत शब्दाचे लिंगही वळते. इंग्रजीत ही सोय कुठली!

मग मुलांनी आपापले विषय घेतले. मागच्या बाकावरील एका मुलीच्या वहीत आम्ही डोकावलो.

दुष्काळ
कोरडा, लांब
तापवणारा, आटवणारा, हिंडवणारा
छावणी, टँकर, टँकर, होडी
चढणारा, शिरणारा, बुडवणारा
गढूळ, रुंद
पूर

"बाळ, एकच शब्द दोनदा आला," असे म्हणत आम्ही दुसऱ्या 'टँकर'वर पेन्सिलीची रेघ ओढलीदेखील. "आणि पुरात टँकर कशाला? तिथे 'चिखल' घाल."

तिने वही ओढून घेतली नाही. खाली पाहून एवढेच म्हणाली, "पुरातपण टँकरच आला होता, सर. सगळीकडं पाणी होतं, पण प्यायला नव्हतं."

बाईंनी मागाहून सांगितले, की तिचे आजोळ सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. २०१९च्या उन्हाळ्यात ती तेथे होती. माणमध्ये तेव्हा जनावरांच्या छावण्या पडल्या होत्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टात कृष्णा चढली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पाणी ५७ फुटांवर गेले, आणि या मुलीच्या घरात शिरले. सहा-सात वर्षांच्या पोरीने तीन महिन्यांत दोन्ही पाहिले, आणि दोन्हीकडे ती घागर घेऊन एकाच रांगेत उभी राहिली.

आमचा जन्म साताऱ्याचा, नोकरी सांगलीची. दोन्ही जिल्हे आमच्या पायांखालचे. वर्तमानपत्रात दोन्ही बातम्या आम्ही वाचल्या होत्या. पण त्या एका ओळीत शेजारी ठेवण्याचे आम्हांला कधी सुचले नव्हते. त्या मुलीला तरी सुचले असते काय? चार नामांची ती ओळ भरावयाची नसती, तर ते दोन टँकर तिच्या मनात निरनिराळ्या गावीच उभे राहिले असते. कुंपण म्हणून आम्ही ज्याला हसलो, त्यानेच त्यांची गाठ घालून दिली.

आम्ही तिच्याकडून खोडरबर मागून घेतले आणि आमची रेघ पुसली. कागदावर थोडा डाग राहिलाच. "राहू द्या सर," ती म्हणाली, "पक्की कविता दुसऱ्या पानावर लिहायचीय."

दुसऱ्या दिवशी वर्गात सुनीत शिकवावयाचे होते. नेहमीचे ते वाक्य ओठांवर आले. आम्ही ते गिळले, आणि फळ्यावर उभी रेघ मारली.