बोरीबंदर ते काळाघोडा : बोलण्याच्या हक्काची वाट

६ डिसेंबरला गावोगावहून येणारा आपला समाज दादरला उतरतो, चैत्यभूमीच्या रांगेत उभा राहतो, शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून ग्रंथ, कॅलेंडर, बुद्धमूर्ती घेतो. काही कुटुंबे हिंदू कॉलनीत जाऊन राजगृह पाहतात. गाडीला वेळ असला की मुले गेट वे ऑफ इंडियाचा हट्ट धरतात. मुलांचा हट्ट जरूर पुरवा. फक्त त्या दिवशी टॅक्सी करू नका. बोरीबंदरला, म्हणजे आजच्या सीएसएमटीला, उतरा आणि काळा घोड्यापर्यंत पायी चला. अंतर दोन किलोमीटरच्या आतलेच आहे. आमच्याकडे गावाहून पाहुणे आले की आम्ही त्यांना याच रस्त्याने नेतो. कारण माणसाने काय बोलावे, किती बोलावे आणि कोणी बोलावे, याचा झगडा आपल्या समाजाने ज्या जागांवर केला, त्यातल्या बऱ्याच जागा याच वाटेवर आहेत.

स्टेशनाबाहेर महापालिकेची इमारत आणि तिच्या मागच्या अंगाला आझाद मैदान. तिथे कोणी ना कोणी उपोषणाला बसलेले असतेच. अंगणवाडीच्या बाया असतात, गिरणी कामगार असतात, विनाअनुदानित शाळांचे मास्तर असतात. पूर्वी मोर्चे इथे थांबत नसत, ते पुढे काळ्या घोड्यापर्यंत जात. चर्चगेट-नरिमन पॉइंटच्या रहिवाशांनी वाहतूक आणि गोंगाटाची तक्रार घेऊन हायकोर्टात धाव घेतली आणि १९९७ नंतर मोर्चे या मैदानात अडकले. रहिवाशांचा त्रास खोटा नव्हता. पण संविधानाच्या कलम १९ मध्ये बोलण्याच्या हक्काला लागूनच शांततेने, विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क लिहिला आहे, तो उगाच नाही. ज्याच्याकडे वर्तमानपत्र नाही, त्याचा मोर्चा हेच त्याचे वर्तमानपत्र! ते कुठे वाचले जावे हे दुसऱ्याने ठरवायचे, हा प्रश्न त्या मैदानाच्या कुंपणाशी उभे राहिल्यावर मनात येतोच.

दादाभाई नौरोजी रस्त्याने सरळ गेले की हुतात्मा चौक येतो. मुले कारंजे पाहतील. त्यांना १९८८ ची हकिकत जरूर सांगा. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडशः छापायला १९७९ साली सुरुवात केली. वसंत मून यांनी त्या कामात आयुष्य ओतले. १९८७ साली चौथा खंड आला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. त्यातल्या राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या परिशिष्टावरून गदारोळ उठला. आमच्या भावना दुखावल्या, परिशिष्ट काढा, अशी मागणी झाली. अमरावतीत ग्रंथाच्या प्रती जाळल्या गेल्या. मुंबईत शिवसेनेने मोर्चा काढला. सरकार डळमळले आणि परिशिष्ट गाळण्याच्या तयारीला लागले. तेव्हा फेब्रुवारीत आपला समाज लाखोंनी या फोर्टमध्ये उतरला. गटबाज पुढारी त्या दिवशी एका रांगेत चालले, हे नवलच म्हणायचे. मोर्चा गेल्यावर शिवसेनेने या चौकाचे शुद्धीकरण केले. महाडला १९२७ साली आपण चवदार तळ्याचे पाणी प्यालो, तेव्हा तळे शुद्ध केले होते. एकसष्ट वर्षांनी मुंबईत चौक शुद्ध झाला, तोही बोलण्याचा हक्क मागायला माणसे आली म्हणून.

शेवटी तडजोड झाली. परिशिष्ट राहिले, पण त्यातल्या मतांशी शासन सहमत नाही अशी टीप घातली गेली. त्या टिपेवर अनेकांचा आजही राग आहे. आम्हाला मात्र ती टीप फारशी टोचत नाही. छापणाऱ्याने असहमती नोंदवावी आणि मजकूर शब्दशः वाचकापुढे ठेवावा, हा मार्ग गाळण्यापेक्षा शतपटीने बरा.

चौकातून पश्चिमेला वळलात की हायकोर्ट. काळ्या दगडाची ही इमारत १८७८ साली पुरी झाली. आत जायला ओळखपत्र आणि पास लागतो, सुटीच्या दिवशी बाहेरूनच पाहावी लागेल. आतल्या खांबांवर कोरीव प्राणी आहेत. त्यात एका डोळ्यावर पट्टी बांधलेला, हातात कलता तराजू घेतलेला एक माकड न्यायाधीश आहे आणि वकिलाच्या पट्ट्या ल्यालेला एक कोल्हाही आहे. बिल डुबवल्याच्या रागाने कंत्राटदाराने ते कोरून घेतले, अशी दंतकथा सांगतात. खरे-खोटे काही असो, न्यायालयाची एवढी उघड टिंगल दगडात दीडशे वर्षे टिकली आणि न्यायालय काही कोसळले नाही.

याच कोर्टात १९०८ साली ‘केसरी’तल्या लेखांबद्दल टिळकांना राजद्रोहाच्या कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या दालनात १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते शिलापट बसवला गेला. आता नियतीची गंमत पाहा. १९२५ साली दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ ही पुस्तिका लिहिली, ती याच टिळकांवर आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांवर. दोघेही तेव्हा हयात नव्हते. पण मृताच्या बदनामीने जवळच्या नातलगांचे मन दुखावण्याचा हेतू असेल तर तोही गुन्हा, असे दंडविधानात होते. जवळकर, केशवराव जेधे, बागडे वकील यांना शिक्षा झाली. अपिलात पुण्याच्या सत्र न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. वकिली सुरू करून त्यांना तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. १९२६ च्या ऑक्टोबरात सगळे सुटले.

दुसरा खटला याच हायकोर्टातला. रघुनाथ धोंडो कर्वे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत, संततिनियमनाचा प्रचार करत. वाचकांच्या लैंगिक शंकांना सरळ शास्त्रीय उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कोणी वकील पुढे येईना, असा तो विषय. बाबासाहेबांनी वकीलपत्र घेतले. लोकांना शंका आहेत, त्या विकृत ठरवून दडपायच्या की ज्ञानाने दूर करायच्या, असा त्यांचा रोख होता. खटला हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. यात आपल्या समाजाचा थेट काही फायदा नव्हता, हे विसरू नये.

मग बाबासाहेब वाटेल ते बोलू द्या म्हणणारे होते काय? नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना त्यांनी अमेरिकेतले निवाडे दाखवून सांगितले की मूलभूत हक्क कुठेच अमर्याद नसतात. १९५० साली मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला मद्रास सरकारने प्रवेशबंदी केली, ती सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवली. त्यानंतर १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी नवी बंधने आली. ती दुरुस्ती हंगामी संसदेत मांडण्यात कायदेमंत्री म्हणून बाबासाहेबांचाही वाटा होता. पण त्याच दुरुस्तीत बंधने ‘वाजवी’ असली पाहिजेत, हा शब्दही आला. वाजवी की गैरवाजवी हे मंत्र्याने ठरवायचे नाही, कोर्टाने तपासायचे. सगळा दम त्या एका शब्दात आहे. उत्तर प्रदेशातले आपले धम्मबांधव ललईसिंह यादव यांनी पेरियारांची ‘सच्ची रामायण’ हिंदीत काढली. १९६९ साली तिच्यावर बंदी आली. अलाहाबाद हायकोर्टाने ती उठवली आणि १९७६ साली सुप्रीम कोर्टाने सरकारचे अपील फेटाळले. भावना दुखावतात एवढे म्हणून भागत नाही, कारणे द्या, असा तो निकाल.

आता थोडे कडू बोलतो. १९४९ सालचे शंकर यांचे एक व्यंगचित्र शाळेच्या पुस्तकात होते, त्यात बाबासाहेब गोगलगायीवर बसलेले. २०१२ साली त्यावरून संसद गाजली, चित्र काढले गेले आणि पुण्यात पुस्तकाच्या सल्लागारांपैकी एका प्राध्यापकाच्या कार्यालयाची आपल्याच काही तरुणांनी मोडतोड केली. लगेच लोक म्हणतात, तुम्ही तरी मनुस्मृती जाळलीच ना? जाळली, २५ डिसेंबर १९२७ ला, आपल्या हाताने, उघड सभेत. पण कोणाचे कार्यालय फोडले नाही, कोणाला मारले नाही. जे आम्ही १९८८ साली मागितले, ते २०१२ साली दुसऱ्याला नाकारायचे, हे आम्हाला पटत नाही.

यावर आमच्या शाखेत एका आजींनी विचारले, “मग आम्हाला जातीवरून शिवी दिली तरी गप्प बसायचं का?” मुळीच नाही. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा त्यासाठीच आहे. लोकांच्या देखत जातीवरून हेतूपूर्वक अपमान करणे हा गुन्हा. तिथे एका जित्या माणसाला पाणवठ्यावर, बाजारात, कचेरीत खाली पाडलेले असते. पोथीची चिकित्सा केली की पोथी खाली पडत नाही, तिला उत्तर देता येते. हा फरक मुलांना समजावून सांगायला हायकोर्टाची पायरी चांगली.

पुढे काळा घोडा. राजाचा जुना पुतळा १९६५ सालीच राणीच्या बागेत गेला, २०१७ साली बिनस्वाराचा नवा घोडा उभा राहिला. मुलांना आवडतो. तिथेच एल्फिन्स्टन कॉलेज, जिथे शिकून बाबासाहेब १९१२ साली बी.ए. झाले. इथून गेट वे दहा मिनिटांवर.

परतताना एक काम करा. चर्चगेटहून लोकल पकडून चर्नी रोडला उतरा. स्टेशनाजवळ सरकारी ग्रंथागार आहे, बाबासाहेबांचे खंड तिथे स्वस्तात मिळतात. मिळतात म्हणजे छापले असतील तर. २०२१ साली बातमी आली की नऊ लाख प्रतींसाठी ५ कोटी ४५ लाखांचा कागद घेतला आणि छापल्या गेल्या अवघ्या ३३ हजार. त्या बातमीवरून हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, म्हणजे मघाच्या त्याच काळ्या इमारतीने. इथे बंदी नव्हती, टीप नव्हती, मोर्चाही नव्हता. नुसती छपाई थांबली होती. म्हणून खिडकीवर चौथा खंड आहे का, एवढे नाव घेऊन विचारा. नसेल तर तक्रारवही मागा आणि लिहून या.