पायातील काटा

गेल्या पावसाळ्यात आमच्या पायात बाभळीचा काटा मोडला. आम्ही दुर्लक्ष केले. तिसऱ्या दिवशी पाय सुजला, पू धरला आणि त्या घाणीचा आम्हांस तिटकारा आला. डॉक्टर म्हणाले, “फादर, ही घाण नव्हे, आपल्यासाठी लढून पडलेले शिपाई आहेत हे.”

आम्ही ओशाळलो. रक्ताच्या एका घनमिलिमीटरात तांबड्या पेशी सुमारे ५० लाख, तर पांढऱ्या अवघ्या ४ ते ११ हजार. परंतु काटा रुतताच त्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून बाहेर पडतात, जंतूंना गिळतात आणि लढता लढता मरतात. १८८२ साली मेसिना येथे मेचनिकॉफ यांनी ताराماशाच्या पारदर्शक डिंभात काटे खुपसून असाच प्रकार पाहिला. १९०८ साली त्यांस पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक लाभले. काही पांढऱ्या पेशी तर शत्रूची ओळख वर्षानुवर्षे जपतात. लस त्यांस ती ओळख आधीच करून देते.

डॉक्टरांनी पू काढला, धनुर्वाताची लस टोचली आणि वेळेवर न आल्याबद्दल आमची कानउघाडणीही केली. ती योग्यच होती. शिपाई शूर आहेत म्हणून धन्याने निजून राहावे काय? वाचकहो, जखम लहान असली तरी ती लगेच धुवावी.