फाटकाबाहेरचे नाव

पावसाळ्याच्या तोंडावर पोफळींच्या शेंड्यांतून वारा घोंगावू लागला, की मला ३ जून २०२० ची दुपार आठवते. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्याने काही तासांत मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगर येथील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पोफळ लावल्यापासून उत्पन्न हाती येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. आजोबांनी लावलेल्या बागेचे सरपण झालेले नातवांना पाहावे लागले. मी तेव्हा याच किनाऱ्यावर सेवेला होतो. महामारीमुळे चर्चचे दार भाविकांना बंदच होते. आता पडवीचे पत्रेही उडाले.

चार-पाच दिवसांनी मुंबईच्या काही सज्जनांनी तांदूळ, डाळ आणि ताडपत्र्या पाठवल्या. मी यादी केली आणि तिच्याप्रमाणे वाटप सुरू झाले. दुपारी पोती संपत आली, तेव्हा मी फाटक लावून घ्यायला सांगितले. बाहेर एक कातकरी म्हातारी नातवासह उभी होती. तिचे नाव यादीत नव्हते. "आज संपलं, आजी. उद्या या," मी पडवीतूनच म्हणालो. ती काहीतरी बोलली. मला ऐकू आले नाही, आणि मी पुन्हा विचारलेही नाही.

संध्याकाळी फाटक उघडले, तेव्हा बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेला एक पत्रा दिसला. तो आमच्याच पडवीचा होता. वाऱ्याने तो टेकडीपलीकडच्या वाडीत नेऊन टाकला होता. म्हातारी मागायला आली नव्हती. परत करायला आली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिची वाडी गाठली. तिच्या झोपडीवर छप्पर नव्हते. एका कोपऱ्यावर फाटके प्लास्टिक ताणून बांधले होते. त्या दिवसांत पत्र्याला सोन्याचा भाव आला होता. "आजी, तो पत्रा इथंच का नाही ठेवलात?" मी विचारले. ती म्हणाली, "देवाचं घर हाय ते, बाबा. तिथं बी पाऊस लागतोच की."

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

श्रीमंत माणूस आणि लाजरस यांच्या दाखल्यावर मी किती प्रवचने दिली असतील! प्रभू येशूच्या दाखल्यांत स्वतःचे नाव असलेला हा एकच दरिद्री. श्रीमंताला तेथे नाव नाही. लाजरस या नावाचा अर्थ 'देव ज्याला साहाय्य करतो तो'. श्रीमंताने त्याला मारले, हाकलले असे लूक कोठेही सांगत नाही. दारातल्या माणसाची त्याने दखल घेतली नाही, एवढाच त्याचा अपराध. तोवर हा श्रीमंत मी मांडवा-अलिबागकडील उंच कुंपणांच्या बंगल्यांत शोधत असे. माझ्याजवळ संपत्ती नव्हती. पण फाटक होते, आणि हातात यादी होती.

बागेची भरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. ते रास्तच आहे, बागायतदाराचे दुःख खोटे नव्हते. परंतु त्याच बागेत मजुरीला जाणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच उताऱ्यावर नसते. एकेकाळी खैराचा कात पाडणारा कातकरी आज वीटभट्टीवर राबतो, आणि त्याची झोपडी पुष्कळदा दुसऱ्याच्या जमिनीवर असते. हे दारिद्र्य देवाने नेमून दिलेले नाही. अलिबागजवळच्या चरी गावाने ते ओळखले होते. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली तेथील कुळांनी खोतांच्या जाचाविरुद्ध संप पुकारला आणि उपासमार सोसून तो वर्षानुवर्षे चालवला. देव दुःखितांची काळजी वाहतो, ही आपली श्रद्धा खरीच आहे. मात्र त्या काळजीची वाट बहुधा आपल्याच फाटकातून जाते. ते लावून घेण्याचे स्वातंत्र्य त्याने आपल्याला दिले आहे, हीच भीतीची गोष्ट आहे.

त्या आठवड्यात आमच्या तरुणांनी तो पत्रा म्हातारीच्या छपरावर चढवला. याला मी दान म्हणत नाही.

पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार २०१७ पासून नोव्हेंबरात गरिबांचा जागतिक दिन पाळला जातो. त्या दिवशी मी आजही यादी करतो, कारण यादीशिवाय वाटप होत नाही. पण शेवटच्या काही ओळी कोऱ्या ठेवतो, आणि फाटक लावण्यापूर्वी स्वतः बाहेर जाऊन उभ्या असलेल्यांना नाव विचारतो. त्या म्हातारीचेही नाव मी त्या दिवशी तिच्या वाडीत विचारून घेतले. ते येथे लिहीत नाही. ज्याच्या वहीत ते आधीपासूनच आहे, त्याला ते ठाऊक आहे.