गियरचा दांडा

अण्णांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली मारुती ८०० आमच्या ग्वाल्हेरच्या घरासमोर २००४ सालापासून उभी आहे. या जातीच्या पहिल्या गाडीची किल्ली १९८३ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला मिळाली आणि २०१४ च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. म्हणजे आमची गाडी आता पेन्शनरांच्या पंक्तीतली. पंधरा वर्षे भरल्यावर तिच्या नोंदणीचे नूतनीकरण झाले; पाच वर्षांनी पुन्हा झाले. अण्णांच्या हाताला मात्र तशी मुदतवाढ नाही, असे आम्ही परस्पर ठरवून टाकले होते.

झाले ते असे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना किल्ला दाखवायला अण्णा गाडी घेऊन निघाले. उरवाई दरवाजाचा रस्ता अरुंद आणि चढ उभा. पुढची गाडी मध्येच थांबली, म्हणून आमचीही थांबली. पुन्हा निघताना अण्णांनी गियर टाकला. गाडी थरथरली, आचका देऊन बंद पडली आणि हातभर मागे घसरली. पहिल्याऐवजी तिसरा पडला होता. दुसऱ्यांदाही तेच. मागे भोंगे वाजू लागले. तेव्हा मी पाहुण्यांच्या देखत म्हणालो, “अण्णा, आता पुरे. उतरा तुम्ही.” ते मुकाट्याने उतरले. मी दांडा जोराने डावीकडे रेटला, गियर पडला, गाडी वर चढली. तरुण हाताचा मला थोडा अभिमानही वाटला. संध्याकाळी अण्णांनी किल्ली खुंटीला लावली ती पुन्हा काढली नाही.

यंदा फुलबागेच्या चौकात तीच पाळी माझ्यावर आली. एका कारागिराने सारी गियरपेटी उघडावी लागेल असे सांगितले. दुसरा म्हातारा मिस्त्री होता. त्याने आधी इंजिन बंद करवले आणि दांडा हलवून पाहिला. बंद गाडीत गियर सहज पडत असतील आणि चालू गाडीतच अडत असतील, तर दोष बहुधा क्लचचा. बंद गाडीतही दांडा चाचपडत असेल, तर खालचे सांधे पाहावेत, हा त्याचा हिशेब. मग त्याने मला पोते अंथरून गाडीखाली निजवले आणि स्वतः वर बसून दांडा हलवला.

मी पाहिले ते एवढेच. दांड्याच्या खालच्या टोकापासून एक लांब सळई पुढे गियरपेटीकडे जाते. तिच्या सांध्यांत अंगठीएवढे बुश असतात. ते झिजून अंडाकृती झाले होते. वर दांडा हलत होता आणि खाली सळई जागची हलत नव्हती. दांड्याचा वरचा भाग लांब आणि खालचा आखूड. म्हणून खाली सूतभर ढिलाई असली की मुठीपाशी ती बोटभर होते. पहिला आणि तिसरा हे दोन्ही गियर पुढेच पडतात. त्यांत फरक काय तो डाव्या-उजव्याचा. नेमके तेवढे अंतर त्या झिजेने खाल्ले होते. अण्णांचा हात डावीकडे गेला होता. ती बातमी गियरपेटीपर्यंत पोहोचलीच नव्हती.

नवे बुश आणि ग्रीस घालून दोन तासांत काम झाले. जुने बुश मी कागदात बांधून घरी आणले, अण्णांपुढे ठेवले आणि सारे सांगितले. त्यांनी ते चष्म्याजवळ नेऊन पाहिले. क्षमेचे शब्द मी जुळवीत होतो, तोच ते म्हणाले, “मलाही हातच वाटला होता रे.”

उरवाईच्या चढानंतर ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले होते. वयाचा भाग म्हणून आम्ही तिकडे लक्षही दिले नव्हते.

रविवारी त्यांनी खुंटीवरची किल्ली काढली. मी शेजारी बसलो. पहिला पडला, दुसरा पडला. महाराज बाड्यापर्यंत कोणीच काही बोलले नाही. एखाद्या दिवशी त्यांचा हात खरोखरच थकेल आणि ते सांगण्याची वेळ माझ्यावर येईल. पण त्याआधी मी एकदा गाडीखाली शिरून पाहीन.