बॉल सोडण्याचा धीर

फलंदाजाच्या धावा आटल्या की कोणी म्हणतं तंत्र बिघडलं, कोणी म्हणतं आत्मविश्वास गेला. फलंदाजी शिकवणारा म्हणून मला वाटतं, या दोन्हींच्या आधी बिघडतो तो निर्णय: कुठला बॉल खेळायचा आणि कुठला सोडायचा. नेटमध्ये जवळून पाहिलं की हे दिसतं. फॉर्म गेलेल्या फलंदाजाचा खालचा हात मुठीवर आवळलेला असतो. टप्पा कळायच्या आतच पुढचा पाय पडतो, डोकं ऑफ साइडला कलतं आणि एरवी सहज सोडला असता त्या बॉलमागे बॅट जाते. धावांची निकड इतकी असते की सोडलेला प्रत्येक बॉल त्याला वाया गेल्यासारखा वाटतो. २०१४च्या इंग्लंड दौऱ्यात विराट कोहलीच्या दहा कसोटी डावांत १३४ धावा झाल्या आणि इंग्लंडचा बॉलर जेम्स अँडरसनने त्याला चारदा बाद केलं. २०१८मध्ये त्याच इंग्लंडमध्ये कसोटी मालिकेत त्याने ५९३ धावा केल्या आणि अँडरसनला त्याची विकेट एकदाही मिळाली नाही. नशिबाची साथ होती, एजबॅस्टनला स्लिपमध्ये झेल सुटले. पण ऑफ स्टंपबाहेर त्याने जो संयम पाळला तो नशिबाने मिळत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. बॉल सोडत राहिलं तर स्ट्रोक खेळणारा माणूस कोशात जाईल, धावफलक थांबेल आणि दडपण वाढेल. पण सोडणं म्हणजे नुसता बचाव नव्हे. बाहेरच्या बॉलला गिऱ्हाईक मिळेनासं झालं की बॉलरला आत, पायांकडे यावं लागतं. २००४च्या सिडनी कसोटीआधी त्या मालिकेत सचिन तेंडुलकरच्या पाच डावांत मिळून ८२ धावा होत्या. सिडनीत त्याने आपला लाडका कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला, बॉल अंगावर येण्याची वाट पाहिली आणि ४३६ बॉलमध्ये नाबाद २४१ केल्या. त्यात ३३ चौकार होते. त्याने एक फटका गाळला, धावा करणं सोडलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. २०२२मध्ये कोहलीने महिनाभर बॅटला हात लावला नाही आणि मग आशिया चषकात, दुबईत, जवळपास तीन वर्षांनी शतक केलं. म्हणजे खरं दुखणं मनाचंच ना? मन थकतं हे मला मान्य आहे, आणि थकलेल्याला विश्रांती द्यायलाच हवी. पण थकवा मैदानावर प्रकट होतो तो घाईच्या निर्णयातूनच. शिवाय अशी विश्रांती किती जणांना परवडते? पावसाळ्यात मुंबईच्या कांगा लीगच्या ओल्या विकेटवर खेळणारा पोरगा महिनाभर थांबला तर त्याची जागा दुसरा घेतो.

अशा पोराला ‘आत्मविश्वास ठेव’ म्हणून काय उपयोग? आत्मविश्वास हुकमाने येत नाही. बरोबर ठरलेल्या निर्णयांतून तो साठतो. म्हणून नेटमध्ये ड्राइव्हला जशी दाद मिळते तशीच नीट पारखून सोडलेल्या बॉललाही मिळायला हवी. धावा त्याच्या हातात पूर्णपणे कधीच नसतात. निर्णय मात्र पुढच्याच बॉलला त्याच्या हातात असतो, आणि परतीची सुरुवात तिथूनच करता येते.